शेपटीला हिसका बसून मांजराचे मागचे पाय लुळे पडले: किती वाट पाहायची?

निळीशाई

थेट विचारते. शेपटीला हिसका बसून नसा दुखावलेलं मांजर पुन्हा नीट चालू लागतं का? आणि लागत असेल तर किती वाट पाहायची?

आमचा बंड्या, अडीच वर्षांचा बोका. गेल्या आठवड्यात आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याची शेपटी स्कूटरच्या चाकाखाली सापडली आणि तो जिवाच्या आकांताने ती ओढून पळाला. तेव्हापासून शेपटी नुसती लोंबतेय. मागचा उजवा पाय टाचेवर टेकतो, पंजा मध्येच उलटा पडतो आणि मग तो बोटांच्या वरच्या बाजूवर चालतो. डावा पाय जरा बरा आहे. एक्स-रे काढला. पायाची आणि कमरेची हाडं शाबूत आहेत, पण कंबर आणि शेपटी जुळते तिथला मणका सरकलाय. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं, पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "नसेचं काम आहे, वेळ लागेल."

सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाचे हाल करू नका. नवरा म्हणतो, थांबू. बंड्या खातोय, मांडीवर घेतलं की गुरगुरतोय. मला त्याला सोडायचं नाहीये, पण आपल्या हट्टापायी त्याला त्रास होतोय का हेही कळायला हवं. ज्यांनी अशा मांजराचं केलंय त्यांनी लिहा, प्लीज.

ओसरी

वाचूनच पोटात तुटलं. बंड्याला लवकर बरं वाटू दे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

वऱ्हाडी_पशुवैद्य

पायाचं नंतर बघू. आधी एक सांगा, तो लघवी स्वतःहून करतो का? ट्रेमध्ये जाऊन, धार लागते अशी?

शेपटी ओढली जाते तेव्हा एकट्या शेपटीच्या नसा ताणल्या जात नाहीत. मज्जारज्जूच्या टोकाकडून नसांचा एक जुडगा खाली उतरतो. त्यातल्या काही शेपटीला जातात, काही लघवीच्या पिशवीला आणि गुदद्वाराला, आणि जरा वरून निघणाऱ्या मागच्या पायांना. खाली ओढ बसली की ती वरपर्यंत पोचते. म्हणून हाड शेपटीच्या मुळाशी सरकतं आणि बिघडतात मात्र पाय आणि लघवी. अशा मांजराच्या जिवाला खरा धोका तुंबलेल्या लघवीचा असतो, म्हणून आधी तेच विचारतोय.

निळीशाई

ट्रेमध्ये जात नाही. पण बसतो तिथे थोडं ओलं होतं, शेपटीखालचे केसही ओले असतात. म्हणजे लघवी होतेय ना?

वऱ्हाडी_पशुवैद्य

नाही. पिशवी गच्च भरलीय आणि वरचं थेंब थेंब सांडतंय. आज रात्रीच कोणाकडे तरी नेऊन ती रिकामी करून घ्या, उद्यावर टाकू नका. पिशवी फार काळ ताणलेली राहिली तर तिचा स्नायूच दमतो. मग पुढे नस सुधारली तरी पिशवी आकसत नाही. शिवाय जंतुसंसर्ग आणि मूत्रपिंडावरचा ताण आहेच.

तिथेच डॉक्टरांना शेपटीच्या अगदी मुळाशी चिमटा घेऊन बघायला सांगा. बंड्याने मान वळवून बघितलं, गुरकावला, तर तिथली जाणीव शिल्लक आहे आणि लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता चांगली आहे. काहीच कळलं नाही तर शक्यता कमी होते, संपत नाही. लघवीसाठी साधारण एक महिना मुदत धरतात. तेवढ्यात ताबा आला नाही तर पुढे येणं अवघड असतं. पायांना ही मुदत लावू नका.

परळकर

ठाण्यात रात्री कोणी मिळालं नाही तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करून बघा. आमच्या लहानपणापासून चाळीतली सगळी मुकी मंडळी तिथेच जायची. शेजारीच १८८६ सालचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बाकी जिल्ह्यांतल्या लोकांसाठी: जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तिथे कुत्र्या-मांजरांनाही बघतात. खासगीतला खर्च झेपत नाही म्हणून लोक घरीच बसून राहतात, तसं करू नका.

निळीशाई

नेलं. पिशवी दगडासारखी लागत होती म्हणाले. रिकामी केल्यावर बंड्या टेबलावरच आडवा होऊन झोपला. शेपटीच्या मुळाशी चिमटा घेतल्यावर त्याने वळून डॉक्टरांच्या हातावर पंजा मारला. त्यांनीच "शाब्बास" म्हटलं! मलाही पिशवी कशी पिळायची ते दाखवलंय, पण करताना हात थरथरतात. जोरात दाबलं गेलं तर?

वऱ्हाडी डॉक्टर, तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

हिरवा_चाफा

निळीशाई ताई, आमच्या चिंगीची पिशवी मी कित्येक आठवडे पिळलीय. हात सगळ्यांचेच थरथरतात, नंतर बसतात. माझी पद्धत सांगते. डॉक्टरांनी दाखवलेल्यात आणि यात फरक असेल तर त्यांचंच धरा.

ओट्यावर जुना टॉवेल टाकून तिला उभी करायचे, तोंड माझ्यापासून पलीकडे. डावा हात छातीखाली, आधाराला. उजवा हात पोटाखालून मागच्या पायांच्या जरा पुढे न्यायचा, अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला. बोटं सपाट ठेवायची, टोकं रुतवायची नाहीत. हळूहळू मागे-पुढे चाचपलं की आतून काहीतरी गोल, घट्ट निसटतं, ती पिशवी. सापडली की लगेच दाबायचं नाही. तळव्यात धरून थांबायचं. मांजर पोट कडक करतं, एक श्वास सोडतं आणि पोट सैल पडतं. त्या क्षणी चारी बाजूंनी सारखा, हलका दाब द्यायचा, आणि तो मागे, शेपटीकडे. धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवायचा. मध्ये सोडून पुन्हा दाबलं की ते चिडतं. धार संपता संपता पिशवी हातात मऊ होत जाते, ते कळतंच.

धार येत नसेल तर जोर वाढवायचा नाही, हा एकच नियम मी डोक्यात पक्का केला होता. अशा वेळी सोडायचं, अर्ध्या तासाने परत करायचं, तरी नाही तर दवाखाना. सकाळी, दुपारी, रात्री झोपताना. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. केस ओले राहिले की कातडी सोलवटते, म्हणून मी मागचे केस कापून टाकले होते आणि कोमट पाण्याने पुसून कोरडं करत होते.

वऱ्हाडी_पशुवैद्य

हिरवा_चाफा यांनी उत्तम लिहिलंय. एक भर: बोक्याची मूत्रनळी लांब आणि अरुंद असते, त्यामुळे मांजरीपेक्षा जड जातं. पिशवीच्या तोंडाची झडप घट्टच राहिली तर ती सैल करायच्या गोळ्या असतात, डॉक्टरांना विचारा. आणि शी होतेय का तेही बघत राहा. त्याच नसा आहेत, बद्धकोष्ठ होतं.

तिखटजाळ

आमच्या बोक्याला असंच झालं होतं. बी-१२ ची इंजेक्शनं आणि रोज तेलाने मालीश, दीड-दोन महिन्यांत पळायला लागला. ॲलोपॅथीवाले सांगणार नाहीत, पण मालिशीसारखं औषध नाही.

वऱ्हाडी_पशुवैद्य

तिखटजाळ, तुमचा बोका बरा झाला याचा आनंद आहे. बी-१२ मीही देतो, त्याने नुकसान होत नाही. पण ताणली गेलेली, न तुटलेली नस तेवढ्या काळात आपली आपणही सुधारते. त्यामुळे श्रेय बी-१२ चं की काळाचं, हे एका मांजरावरून ठरत नाही.

तेलाला मात्र माझा ठाम विरोध. मांजर अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं. कापूर, निलगिरी, गंधपुरा घातलेली तेलं आणि माणसांची सांधेदुखीची मलमं मांजराला विषारी आहेत. कोरड्या हाताने चोळा, तेवढाच फायदा मिळेल.

तिखटजाळ

आम्ही साधं खोबरेल लावत होतो. पण कापराचा मुद्दा पटला, आमच्याकडे घरात कापराचं तेल असतंच. मालिशीने तो शांत व्हायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यावर ठाम आहे.

ओसरी

आणि कृपा करून कोणी क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्यांच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकही नको. "लहान मुलाचा डोस दिला" असं सांगणारे लोक मी दवाखान्यात बघितलेत.

सह्यवारा

धाग्याचा विषय नस आहे, तरी हे लिहायलाच हवं, कारण बाहेरून चित्र अगदी सारखं दिसतं. आमची सहा वर्षांची मांजर एका संध्याकाळी एकदम किंचाळली आणि मागचे दोन्ही पाय ओढत पलंगाखाली गेली. घरात सगळ्यांना वाटलं, कपाटावरून पडली, नस दबली, सकाळी बघू. माझ्या बहिणीने मागच्या पंजांना हात लावला तर ते गार, गाद्या निळसर. तशीच उचलून नेली. हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ महाधमनी जिथे दोन पायांना फुटते तिथे जाऊन अडकली होती. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आतल्या आत चालू होता, बाहेर काही दिसलं नव्हतं. ती वाचली नाही. पण वेळेत नेल्यामुळे तिच्या वेदना तरी लवकर थांबवता आल्या, रात्रभर तडफडली नाही.

म्हणून मागचे पाय अचानक गेले की आधी पंजाला हात लावा. गार, निळसर, आणि मांजर वेदनेने ओरडतंय, तर एक मिनिटही घालवू नका.

निळीशाई

सह्यवारा, वाईट वाटलं. बंड्याचे पंजे उबदार आहेत, गुलाबी आहेत. आत्ताच बघितले.

आगरकोळी

आमच्या अलिबागकडे मांजर रात्रीतून लुळं पडलं की पहिला संशय मण्यारीवर. दातांच्या खुणा दिसतही नाहीत. आधी मागचे पाय लटपटतात, मग पुढचे, बाहुल्या मोठ्या होतात, श्वास धापेवर येतो. पायांवरून वर वर चढत जाणारं असेल तर ते शेपटीचं दुखणं नव्हे.

आणि भटकं मांजर असेल तर उचलताना हाताला जाड गोणपाट गुंडाळा. आमच्या पाड्यात लुळ्या मांजरीला उचलणाऱ्या पोराला ती चावली, नंतर सगळ्यांचीच झोप उडाली. पिसाळलेलं मांजरही शेवटी लुळं पडतं. चावलं-ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट रेबीजच्या लशीला जायचं.

डोंबिवली_फास्ट

बंड्याचे मागचे पाय आहेत, माझ्याकडे पुढच्या पायाची केस होती, ती सांगतो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कबुतरामागे झेपावलेला टिप्या. हाड एकही मोडलं नाही, पण डावा पुढचा पाय खांद्यापासून निर्जीव. कोपर सरळ होईना, पंजा मागे दुमडून जमिनीवर घासायचा. गंमत म्हणजे डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी डोळा बघितला. त्याच बाजूची बाहुली लहान, पापणी जड, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा आलेला. म्हणाले, खांद्यात नसांचं जाळं आहे ते मज्जारज्जूपासून मुळासकट उपटलं गेलंय. डोळ्याला जाणारी एक वाट तिथूनच निघते, म्हणून डोळाही बिघडला. मुळापासून उपटलेली नस परत जोडली जात नाही, असंही स्पष्ट सांगितलं.

तरी आम्ही काही महिने थांबलो. बोटांना जाणीव आली नाही, पंजाला घासून जखमा व्हायला लागल्या, मग पाय काढला. टिप्या आता तीन पायांवर फ्रिजवर चढतो आणि आईने लपवलेलं दुधाचं पातेलं शोधतो. पाय काढायच्या आदल्या रात्री घरात रडारड होती, आठवड्यात तो सोफ्यावर नखं चालवत होता.

न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या दोघा पशुवैद्यांनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. हा आकडा ऐकून लोक निश्चिंत होतात, पण जागीच गेलेली मांजरं त्या दवाखान्यात आणलीच गेली नसणार. खिडक्यांना जाळी लावा, मंडळी. जाळीचा खर्च शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी कमी आहे.

चालती_फिजिओ

मी माणसांची फिजिओ आहे, मांजरांची नाही. पण नसेचं शरीरशास्त्र बरंचसं तेच, म्हणून लिहिते.

"किती वाट पाहायची" याचं उत्तर नसेला काय झालंय त्यावर आहे. नुसती ताणली गेली, आतले तंतू अखंड, तर काही आठवड्यांत परत येते. तंतू तुटले पण बाहेरचं आवरण शिल्लक असेल तर तंतू त्या आवरणातून पुन्हा वाढतात, वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आता बंड्याच्या कमरेपासून पंजापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि मिलिमीटर मोजा. उत्तर महिन्यांमध्ये येईल. म्हणून सुधारणा वरून खाली उतरते: आधी मांडी भरते, मग टाच उचलते, पंजा सगळ्यात शेवटी. पंजा उलटाच पडतोय म्हणून तिसऱ्या आठवड्यात धीर सोडणं म्हणजे नसेला पोचायलाही वेळ न देणं. आणि नस आवरणासकट तुटली असेल, तर नुसत्या थांबण्याने ती आपोआप जुळत नाही.

दुसरं, एक गोष्ट बहुतेकांना चकवते. बोटाला चिमटा घेतल्यावर पाय मागे ओढला, म्हणजे जाणीव आहे, असं नाही. ते मज्जारज्जू खालच्या खाली करून टाकतो, मेंदूपर्यंत बातमी जातही नाही. मांजराने मान वळवली, ओरडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर बातमी वर पोचली. डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड दाबतात तेव्हा पायाकडे नको, तोंडाकडे बघा.

आणि हे आपल्याला कळलं कुठून? मांजरांकडूनच. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउनने दाखवलं की मेंदूपासून तोडलेला मज्जारज्जूसुद्धा मांजराच्या मागच्या पायांना आळीपाळीने पाऊल टाकायला लावतो. ज्यांच्या कामावर हे उभं होतं त्या शेरिंग्टनना १९३२ चं नोबेल मिळालं. १९८७ मध्ये माँट्रियलच्या बार्बो आणि रोसिन्योल यांनी मज्जारज्जू पूर्ण तोडलेल्या मांजरांना सरकत्या पट्ट्यावर नियमित चालवलं, तर ती मागच्या पायांनी पावलं टाकायला लागली. कमरेला आधार देऊन रुग्णाला ट्रेडमिलवर चालवण्याच्या उपचारामागे हे काम आहे. माझ्या पेशंटला पट्ट्यात अडकवून पहिलं पाऊल टाकायला लावते तेव्हा त्या मांजरांचं ऋण मला जाणवतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणून एखाद्या बंड्यासाठी दोन ओळी जास्त लिहाव्या असं वाटतं.

ओसरी

फिजिओताई, शेवटच्या ओळींनी डोळ्यांत पाणी आलं.

माळरान

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. वर सगळे थांबा म्हणतायत. पण रोज तीन वेळा पोट दाबून घेणारं, जखमा चाटणारं, पिंजऱ्यातलं मांजर सुखी आहे का? आमच्या मांजरीला कमरेखाली काहीच कळत नव्हतं, मणका मोडला होता. आम्ही तिला शांतपणे जाऊ दिलं. तो निर्णय प्रेमानेच घेतला होता. निळीशाईंच्या सासूबाईंना कठोर ठरवू नका.

हिरवा_चाफा

माळरान, तुमच्या निर्णयाबद्दल आदरच आहे. मणका मोडलाय आणि खोल वेदनेचीही जाणीव नाही, ही परिस्थिती वेगळी. मी विरोध करते तो पहिल्या आठवड्यातच "हाल नकोत" म्हणून निकाल लावण्याला. चिंगी पोट पिळून झाल्यावर लगेच वाटीकडे जायची, उन्हात लोळायची. ती काय सांगतेय ते मी बघत होते.

वऱ्हाडी_पशुवैद्य

दोघांचंही बरोबर आहे. मी घरच्यांना तीन गोष्टी बघायला सांगतो: खातंय का, अंग चाटून स्वच्छ ठेवतंय का, तुम्ही आलात की काही प्रतिसाद देतंय का. आणि वेदना औषधाने आटोक्यात आहेत का. हे असेल तर थांबायला हरकत नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी दवाखान्यात घेऊन या, निळीशाई. त्यांना समोर बसवून सांगितलं की शंका फिटतात.

कागलकर

ताई, आमच्या मनीला लस टोचल्या टोचल्या ती ओरडली आणि त्याच पायानं लंगडायला लागली. पंजा उलटा पडतोय बघा. सुईनं असं होतं का? का आमचाच भ्रम?

वऱ्हाडी_पशुवैद्य

होतं. मांडीच्या मागच्या भागात खोल सुई गेली तर पायाची मोठी नस तिथूनच जाते. टोचताक्षणी ओरडणं आणि लगेच लंगडणं ही त्याचीच खूण. डॉक्टरांकडे परत जा, भांडायला नव्हे, तपासायला. बोटांना जाणीव आहे का ते बघतील. यातली बरीच मांजरं हळूहळू सुधारतात. पुढच्या वेळी कातडीखालून देता येणारी लस कातडीखालीच द्या म्हणावं.

रानजाई

आमचं पिल्लू जन्मापासूनच डुलत चालतं, दारू प्यायल्यासारखं. हेही नसेचंच का? मालीश करू का?

चालती_फिजिओ

जन्मापासून आणि वाढत नाहीये, तर बहुतेक लहान मेंदूची वाढ कमी राहिलीय. आई गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक विषाणूजन्य आजार, झाला तर पिल्लांना असं होतं. ते वाढत जात नाही, दुखतही नाही. मालीश नको, फक्त उंचावर चढू देऊ नका. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

वऱ्हाडी_पशुवैद्य

त्यालाच जोडून: म्हातारं, जाडजूड मांजर मागच्या दोन्ही टाचा टेकवून चालायला लागलं आणि पाणी जास्त पितंय, तर मार शोधत बसू नका, साखर तपासा. मधुमेहात नसा अशाच खराब होतात, साखर ताब्यात आली की काही महिन्यांत टाचा परत उचलतात.

निळीशाई

थोडे दिवस येता आलं नाही, क्षमस्व. बातमी चांगली आहे! काल पहाटे बंड्या स्वतः ट्रेमध्ये गेला आणि धार लागली. मी नवऱ्याला उठवलं, सासूबाई पण उठून आल्या. पूर्ण रिकामी होत नाही अजून, राहिलेली मी काढते. सासूबाईच आता दुपारची पाळी करतात, माझ्यापेक्षा त्यांचा हात हलका आहे.

डावा पाय जवळजवळ नीट. उजव्याची टाच मधूनमधून उचलतो, पंजा अजून उलटा पडतो. बोटांच्या वर घासून केस गेलेत आणि कातडी लाल झालीय. त्याचं काय करू? शिवाय तो पंजा चावायला लागलाय. आणि डॉक्टर शेपटी काढायचं म्हणतायत. ती वाचणार नाही का?

हिरवा_चाफा

अभिनंदन!! सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

पंजासाठी: गुळगुळीत फरशी हा शत्रू. पिंजऱ्यातून काढाल तेव्हा योगा मॅट किंवा सतरंजी अंथरा. बाळाचा मोजा घालून वर कागदी चिकटपट्टी, फार घट्ट नाही, आणि रोज काढून बघायचं. ओला झाला की लगेच बदलायचा. ट्रेमध्ये खडे नकोत, जखमेत जातात. वर्तमानपत्राचे तुकडे घाला. कडेही बुटकी हवी, नाहीतर पाय अडकतो.

चालती_फिजिओ

व्यायाम, डॉक्टरांना विचारून: तो कुशीवर झोपलेला असताना उजवा पंजा तळव्यात घ्या, बोटं हलकेच सरळ करा, टाच, गुडघा, कंबर, प्रत्येक सांधा हळू वाकवा आणि सोडा. कमरेपाशी शेपटीच्या बाजूला ओढ बसू द्यायची नाही. पंजा कायम दुमडलेला राहिला तर स्नायू आखडतात, आणि मग नस आली तरी पाय सरळ होत नाही. पोटाखालून टॉवेल घेऊन उभं करा, चारही पंजे सरळ ठेवा, पुढ्यात वाटी ठेवा. खाता खाता वजन आपोआप पायावर येतं. तो कंटाळला की थांबा. बोक्याशी जबरदस्ती केली तर उद्यापासून टॉवेल दिसला की पलंगाखाली.

वऱ्हाडी_पशुवैद्य

चावण्याबद्दल: जाणीव परतताना मुंग्या, झिणझिण्या येतात, त्याने ते चावतात. एका अर्थी चांगलं लक्षण, पण काही मांजरं बोटं कुरतडून टाकतात, म्हणून आजपासूनच गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला, म्हणजे तोंड पंजापर्यंत पोचत नाही. फक्त खाताना, तुमच्या नजरेसमोर, काढा. नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन देतात, डोस तुमचे डॉक्टर वजनावर ठरवतील. त्याने थोडी गुंगी येते, घाबरू नका.

शेपटीबद्दल: मुळाशी जाणीव आहे पण पुढची शेपटी लुळी आहे, बरोबर? लोंबणारी शेपटी आपल्या वजनाने दुखावलेल्या नसांना खाली ओढत राहते, शिवाय शी-लघवीत भिजते. म्हणून काढतात. काही जण थोडं थांबून बघतात, दोन्ही मतं आहेत. माझं मत विचाराल तर शेपटी भिजत असेल, जखम होत असेल तर काढा. कोरडी, स्वच्छ राहत असेल तर लघवीवर पूर्ण ताबा येईपर्यंत थांबता येईल. शेपटीविना मांजराचा तोल काही दिवस जातो, मग सवय होते.

डोंबिवली_फास्ट

टिप्याकडे तीन पाय, बंड्याकडे शेपटी नाही. दोघांना भेटवू या एकदा, कबुतरांनी तेवढा वेळ सुटकेचा श्वास घ्यावा :)

कागलकर

डॉक्टर, मनीला घेऊन जाऊन आलो. बोटांना कळतंय म्हणाले, चिमटा घेतल्यावर लई जोरात ओरडली. पंजाला पातळ स्प्लिंट बांधलंय. हे किती दिवसांनी सोडून बघायचं? आणि त्याच्यावर पाणी पडलं तर?

वऱ्हाडी_पशुवैद्य

ओरडली ते फार छान झालं. स्प्लिंट दर दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात सोडून कातडी बघून घ्या, स्वतः घरी परत बांधू नका, घट्ट बसलं तर रक्तपुरवठा थांबतो. बोटांची टोकं उघडी ठेवलीत ना? ती रोज सकाळ-संध्याकाळ बघा. सुजली, गार लागली, वास आला किंवा मनी सारखी कुरतडायला लागली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. ओलं झालं तरी तेच, वाळवत बसू नका, बदलून घ्या.